गुजरातचा टॉवर

आईच्या फोनच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात नेटवर्कच्या काड्या दिसतात. त्या सगळ्या पोकळ होत्या आणि खाली बारीक अक्षरांत ‘सेवा नाही’ असं लिहिलं होतं. मी माझा फोन त्याच्या शेजारी ठेवला. दोन्हींत कार्ड एकाच कंपनीचं. माझ्या काड्या जवळजवळ भरलेल्या होत्या आणि कंपनीच्या नावापुढे गुजरात आलं होतं. फोनांच्या जागा बदलून पाहिल्या, खिडकीत नेऊन पाहिले, फरक पडला नाही. मग आईच्या फोनची सेटिंग उघडली. नेटवर्क आपोआप निवडायचं बटण बंद होतं. त्याखाली फक्त महाराष्ट्राचं नेटवर्क पक्कं करून ठेवलेलं होतं.

हे आईला जमणारं काम नव्हतं. हे माझ्या नवऱ्याचं, ओंकारचं काम होतं.

आईचं घर तलासरीच्या पुढे, हायवेपासून आत उतरणीला आहे. सीमा इतकी जवळ, की घरात गुजरातचाच टॉवर लागतो. वडील गेल्यापासून ती तिथे एकटी राहायची. गेल्या आठवड्यात मागच्या दारी धुण्याच्या दगडापाशी तिचा पाय घसरला आणि नडगी मोडली. फोन कमरेच्या पिशवीत होता. पडल्या पडल्या ती माझा नंबर लावत राहिली. दुपारी पाड्यावरची संगिता मिरच्या खुडायला आली, तिने स्वतःच्या फोनवरून मला कळवलं. आता आई सरावलीला, माझ्या सासरी मागच्या खोलीत होती, आणि मी तिची लुगडी न्यायला आले होते. त्या दिवशी फोन का लागला नाही ते बघायला तोही बरोबर आणला होता.

मी कुलूप लावत होते तेव्हा संगिता आली. मी फोनचं विचारलं. ती म्हणाली, “ताई, घरात तो दिवाळीपासून लागतच नव्हता. मी म्हटलं, नाक्यावर दुकानात दाखवू. तर आजी म्हणाली, जावयाने लावून दिलाय, त्याला हात लावायचा नाही. रोज संध्याकाळी वर रस्त्यापर्यंत चढून यायची तुम्हाला फोन करायला.”

आईच्या आवाजामागे ट्रक ऐकू यायचे. मला वाटायचं, ती फिरायला बाहेर पडते.

ओंकारला मोबाईलचा नाद आहे. घरची चिकूवाडी त्याचे वडील, गोविंदराव बघतात. ओंकार व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मोबाईल मंत्र’ नावाचा ग्रुप चालवतो आणि रविवारी ओटीवर लोकांचे फोन दुरुस्त करतो. त्याची मतं ठाम असतात. फोन रात्रभर चार्जिंगला लावू नये. भिजला तर तांदळात ठेवावा. पडदा काळा ठेवला की बॅटरी वाचते. यातलं काही खरं आहे, काही अर्धवट आहे. मी डहाणूच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमच्या तांदळाच्या डब्यात तेव्हा नवा तांदूळ होता. त्यातच अजून ओल आहे, एवढं मी एकदा म्हटलं होतं. त्यानंतर आलेल्या प्रत्येक माणसाला माझी ओळख “आमच्या शास्त्रज्ञ बाई” अशी करून दिली जाऊ लागली. माझ्या फोनची सेटिंगही तोच बघायचा. मी एकदा पासवर्ड बदलला तेव्हा दोन दिवस जेवणाच्या ताटावर त्यावरच त्याचं भाषण झालं.

तलासरीच्या कॉलेजात एक जागा गेल्या वर्षीपासून रिकामी होती. तिथले प्राचार्य दर सुट्टीत विचारत, मी दर वेळी “कळवते” म्हणत होते. घरात तो विषय निघाला की गोविंदराव म्हणत, सून माहेरी राहून नोकरी करते हे आपल्यात दिसायला बरं नाही. होकार कळवायची मुदत या सोमवारी संपत होती.

मी परतले तो रविवार होता. ओटी भरलेली. ओंकार आईच्या पडण्यावरूनच टिप देत होता. म्हाताऱ्या माणसांना फोन दिला म्हणजे झालं असं नाही, वापरायची सवय लावावी लागते, आमच्या सासूबाईंनी घाबरून भलतीच बटणं दाबली. लोक माना हलवत होते. मागच्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणजे आईला सगळं ऐकू जात होतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि फोन त्याच्यापुढे धरला. “हे महाराष्ट्राचं नेटवर्क कोणी पक्कं केलं?”

त्याने फोनकडे पाहिलं आणि हसला. इथे काड्या भरल्या होत्या. तो फोन त्याने लोकांना दाखवला. “बघा, ठणठणीत आहे. मीच केलं. गुजरातचा टॉवर पकडला की रोमिंगचे पैसे कापतात. त्यांचा बॅलन्स वाचवला, तर तेही चुकलं?”

“तिथे लागतं का ते पाहिलं होतं?”

“पाहिलं होतं. दोन काड्या होत्या.”

“कुठे उभं राहून?”

तो म्हणाला, हायवेला, गाडीत बसून. खाली उतरून पुन्हा पाहायची गरज वाटली नाही, एवढ्याशा अंतराने काय होतं.

“घरात ‘सेवा नाही’ येतं,” मी म्हटलं. “दिवाळीपासून. आई रोज चढ चढून मला फोन करत होती. पडली त्या दिवशी चढू शकली नाही.”

ओटीवरच्या एकाने स्वतःचा फोन उचलून खिशात घातला.

“सेटिंग बरोबरच आहे,” ओंकार म्हणाला. “घर खड्ड्यात आहे त्याला मी काय करू? आणि त्यांना तोंड नव्हतं? सांगायचं होतं.”

“जावयाला?”

गोविंदराव झोपाळ्यावरून उठले. चार माणसांत नवऱ्याची उलटतपासणी घ्यायला हे कॉलेज नाही, असं त्यांनी मला सांगितलं. आतून आईचा आवाज आला. “विनिता, राहू दे गं. ओंकाररावांनी चांगल्यासाठीच केलं. चहा ठेव सगळ्यांना.”

तिच्या आवाजात जे होतं ते मी ओळखत होते, कारण “कळवते” म्हणताना माझाही आवाज तसाच यायचा.

“आण इकडे,” ओंकारने हात पुढे केला. “नवीन अ‍ॅप टाकून देतो. त्या कुठे आहेत ते मला इथे बसून दिसेल. तुझाही दे, दोन्ही जोडतो.”

मी फोन दिला नाही. त्याच्यासमोरच नेटवर्क आपोआप निवडायचं बटण चालू केलं आणि फोन बंद करून पदराखाली धरला.

“काय चाललंय तुझं?” तो हळू आवाजात म्हणाला. लोकांसमोर तो नेहमी हळूच बोलतो.

“तलासरीची जागा मी घेतेय,” मी म्हटलं. “उद्या कळवते. आईचा पाय बरा झाला की तिच्याबरोबर तिकडेच राहणार आहे, आणि इथे परत येणार नाही.”