फागीआत्या पडली नव्हती

पोशेऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या पाड्यावर सकाळ रोजच्यासारखीच उजाडली. जयवंती चुलीपुढे नागलीची भाकर थापत होती. तिचा नवरा मंगळू मोखाड्याच्या एका कचेरीत कारकून. तो इस्त्रीचा शर्ट घालून निघायच्या घाईत होता. त्यांची मुलगी हर्षदा उंबऱ्यात बसून भाकरीचा तुकडा नुसता चिवडत होती.

"खा ना गं माझे बाय," जयवंती म्हणाली.

हर्षदा काही बोलली नाही. शिमग्यापासून ती बोललीच नव्हती.

का बोलत नव्हती, ते साऱ्या पाड्याला पक्कं ठाऊक होतं. शेजारचं तान्हं पोर तापानं गेलं. दवाखान्यात न्यायचं सोडून माणसं गोरख भगताकडे धावली होती. पोर गेल्यावर त्यानं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटानं फिरवले आणि नाव काढलं फागीचं. फागी म्हणजे मंगळूची विधवा बहीण, भावाच्या शेतात मरमर राबणारी. "भुताळी! हिनंच खाल्लं पोराला!" झालं! केसांना धरून तिला अंगणात ओढली, खाली पाडली आणि काठ्यांनी झोडपली. तोंड फुटलं, दात पडले, तरी काठ्या थांबेनात. आणि तिचे हात कुणी धरून ठेवले होते? सख्ख्या भावानं. शिकल्यासवरल्या, सरकारी नोकरीतल्या भावानं! न धरावे तर आपलंही घर वाळीत पडेल, ही त्याला धास्ती. हर्षदा दारातून सगळं बघत होती. संध्याकाळी फागी गेली. पोलिसांना सांगितलं, कड्यावरून पडली. पाडाच्या पाडा तेच बोलला.

पोरीची वाचा गेली, तशी भगतानं नवी थाप मारली, "फागी हिच्यात शिरली." मग मिरचीची धुरी झाली, निरगुडीच्या फोकांनी पाठ सोलून झाली. पोर नुसती कळवळायची, आवाज नाही.

"आता नाय निघाली, तर जिभेला डाग द्यावा लागंल," भगत म्हणाला. मंगळूनं मान डोलावली. थू अशा बापपणावर!

जयवंती पोरीला घेऊन खोडाळ्याच्या डॉक्टरकडे गेली, तर त्यानं टॉनिक दिलं. शेवटी पाड्यावर येणाऱ्या चंद्रकला नर्सबाईनं वाट दाखवली. "जव्हारला एक बाई बसतात, मनाचं दुखणं बघणाऱ्या. तिकडं ने."

"माझी पोर येडी नाय!"

"येडी कोण म्हणतंय? तिला सगळं समजतंय, म्हणून तर ती गप हाये."

जव्हारला एका संस्थेनं भाड्यानं घेतलेली खोली होती. पुष्पलताबाई तिथे खाली चटईवर बसायच्या. त्यांनी हर्षदाला एकही प्रश्न विचारला नाही. कागद आणि रंग पुढे सरकवले. पोरीनं काळा रंग घेतला, कागद फाटेस्तोवर घासला. पुढच्या खेपेलाही तेच. जयवंती वैतागली.

"बाई, कागद फाडाया एवढ्या लांब आनते का मी हिला? चितरं काढून कोन बरा होतो?"

"जयवंतीताई, जे बघितलं ते तिच्या तोंडातून निघत नाही. ते हातातून निघू दे. चित्र चांगलं आहे की वाईट, हे मी बघत नाही. काढताना ती कुठे थांबते, कुठे तिचा श्वास अडकतो, ते बघते. तिला एकटीला त्या अंगणात सोडत नाही मी. शेजारी बसते. एवढंच औषध."

जयवंतीला सगळं कळलं नाही. पण परतीच्या जीपमध्ये लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली, तेवढं मात्र कळलं. शिमग्यापासून पहिल्यांदाच.

पुढे बाईंच्या हातून एक चूक झाली. पोरीला घरचं वाटावं म्हणून त्यांनी गेरू लावलेला कागद आणि तांदळाचं पीठ कालवून दिलं. बाई शहरातल्या. त्या पाड्यावर तांदळाच्या पिठानं भिंतीवर माणसं उमटतात ती फक्त लग्नात, आणि तीही सवाशिणीच्या हातून, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हर्षदाचा हात मात्र भराभर चालला. एक बाई आडवी, भोवती काठ्या उगारलेले गडी. काढता काढता पोर हुंदके देऊन रडली. आवाज काढून रडली!

दुसऱ्या दिवशी तिनं घरीच पीठ कालवलं आणि भिंतीवर तेच अंगण काढलं.

मंगळू कचेरीतून आला आणि भिंत बघून पांढराफटक पडला. शेजारणीनं बोंब ठोकली, "लगीन नाय, काय नाय, आनं कुवाऱ्या पोरीनं मानसं काढली?" बघता बघता अंगण भरलं. गोरख भगत आला. त्यानं दाणे फिरवले. "फागीच काढतेय ही चितरं. आज सोडायची नाय." विळा चुलीत लाल झाला.

जयवंती आडवी आली. "हात लावून दाखवा माझ्या पोरीला!"

मंगळूनं तिच्या डोक्यात लाकूड घातलं. रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं हर्षदाचे हात मागून धरले, भगतानं तिचा जबडा दाबला. विळा तोंडाशी आला, तसा जयवंतीनं तो उघड्या हातानं धरला. कातडी चरचरली. तिनं किंकाळी फोडली, पण विळा सोडला नाही.

आणि त्या गोंधळात भगताची पकड सुटली, तसा एक घोगरा आवाज आला.

"बा, आत्याचे हात पन तू असेच धरलेले."

हर्षदा बोलत होती.

"ती कड्यावरून पडली नाय. तुम्ही मारली तिला. मी बघितलं."

मंगळूचे हात सुटले. तो भिंतीपाशी मटकन बसला. भगत मात्र ओरडत होता, "बघा, फागीच बोलतेय!" पण या वेळी कुणी पुढे झालं नाही.

जयवंतीनं लेकीचा हात धरला आणि डोकं फुटलेल्या अवस्थेत खालच्या रस्त्याला लागली. नर्सबाईचा फोन गेल्यावर पुष्पलताबाई जव्हारहून मोखाड्याच्या पोलीस चौकीत पोचल्या, तेव्हा जयवंतीला बघून त्यांचे डोळे भरून आले. "तिच्या हातात पीठ देण्याआधी मी विचारायला हवं होतं, ताई. माझं चुकलं."

"तुमचं चुकलं ते मागून बघू," जयवंती म्हणाली. "आधी आमचं चुकलंय ते सांगू द्या. फागीला मारत होते, तवा मी चुलीपाशी बसून ऱ्हायले होते."

चौकीतल्या जमादारानं तिच्या भाजलेल्या तळव्याकडे बघितलं. "खुनाची गोष्ट करताय बाई. कुणी बघितलं?"

"अख्ख्या पाड्यानं."

"पाडा तर म्हणतो, पडली. बोलणार कोण?"

जयवंती लेकीकडे बघत राहिली. तिनं पोरीला पुढे ढकललं नाही. पुष्पलताबाई नुसत्या हर्षदाच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

"मी," हर्षदा म्हणाली. "मी बोलनार."