धमनीबाबाचं तांबडं पाणी

रविवारी सकाळी माणिकपूरच्या त्या लग्नाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि लोक तर आले होते पाय बुडवायलाच. वीस खुर्च्या, प्रत्येकीपुढे प्लास्टिकचा टब, टबात कोमट पाणी, शेजारी टबात वायरी सोडलेला एक खोका आणि गुडघ्यांवरून थेट जमिनीपर्यंत भगवी शाल. शालीआड डोकवायचं नाही, नाहीतर म्हणे ऊर्जा फुटते. अर्ध्या तासाने शाल उचलली की पाणी तांबडं, तपकिरी, वर फेस. हृदयाच्या नळ्यांत वर्षानुवर्षं साचलेली घाण तळपायातून बाहेर पडली, असं माइकवरून जाहीर व्हायचं. ही सगळी किमया धमनीबाबांची.

"गेल्या खेपेला माझं पाणी चहासारखं निघालं," वटार गावचे, केळीच्या वाडीवाले हरिभाऊ मोठ्या अभिमानाने सांगत होते. "तुमचं?"

"आमचं नुसतं सरबत," शेजारचा गृहस्थ ओशाळून म्हणाला.

मागे उभ्या असलेल्या प्रिस्काच्या डोक्यात तिडीक गेली. घाण कोणाची जास्त, यावर चढाओढ लावणारी माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली होती. आणि त्यांच्यातच, तिसऱ्या खुर्चीवर, तिचा नवरा एडवर्ड डोळे मिटून बसला होता.

सहा महिन्यांपूर्वी एडवर्डच्या हृदयाची एक रक्तवाहिनी तुंबली होती. डॉक्टरांनी ती उघडून आत स्टेंट बसवला, म्हणजे जाळीची बारीक नळी. त्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून दोन गोळ्या दिल्या, प्रेशरची एक दिली आणि बजावलं, मला विचारल्याशिवाय यातली एकही थांबवायची नाही.

मग आला राखेचा बुधवार, ख्रिस्ती उपवासकाळाचा पहिला दिवस. उपवासाच्या चाळीस दिवसांत एडवर्ड दरवर्षी मटण आणि दारू सोडतो. यंदा बाबा म्हणाले, "बेटा, गोळी हेही व्यसनच. तेही सोडून बघ." झालं, एडवर्डला पटलं. जे रोज लागतं त्याचाच त्याग करायचा, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. गोळ्यांचा डबा त्याने येशूच्या तसबिरीपुढे नेऊन ठेवला आणि हात जोडले. प्रिस्का भांडली, रडली, दोन दिवस बोलली नाही. तो एकच सांगायचा, "माझं पाणी दर खेपेला फिकं होतंय. गोळ्यांनी कधी असं डोळ्यांना दिसलं होतं का?"

परवा केळीच्या वाडीत पाण्याचा पाइप ओढताना त्याची छाती आवळली आणि तो मटकन बांधावर बसला. म्हणाला, "घाण सुटतेय."

पण प्रिस्का नुसती घाबरून बसणाऱ्यातली नव्हती. सातिवलीच्या, धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यात तिची वीस वर्षं गेली होती. मिठाच्या पाण्यात लोखंड आणि करंट सोडला की काय होतं, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तो रंग आणि तो वास तिने गेल्या रविवारीच ओळखला होता. आज ती पिशवी घेऊन आली आणि रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसली. पांढऱ्या साडीतल्या मदतनीस बाईने टबात सहा चमचे मीठ घातलं, शाल पांघरली आणि खोक्याचं बटण दाबून पुढे गेली. प्रिस्काने पाय खुर्चीखाली घेतले आणि पिशवीतले केळीच्या गाभ्याचे दोन तुकडे हळूच टबात उभे केले.

अर्ध्या तासाने बाबा माइक घेऊन आले. तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले. "डावीकडे नव्वद टक्के ब्लॉकेज. उजवीकडे सत्तर. बाय, चार महिने थांबली असतीस तर तुझा हार घातलेला फोटोच दिसला असता."

"मग वाचवा हिला," म्हणत प्रिस्काने शाल उचलली.

तांबड्या, फेसाळ पाण्यात केळीचे दोन गाभे गपगार उभे होते. आधी कोणाला उमगेना. मग हरिभाऊ खो-खो हसत सुटले.

बाबा डगमगले नाहीत. "केळीतही प्राण असतो. तिने तुझेच दोष ओढून घेतले."

"बरं, मग आता कोणीच नको." प्रिस्काने नवा टब ओढला, पाणी आणि मीठ घातलं, वायरींच्या टोकाच्या लोखंडी पट्ट्या आत सोडल्या, बटण दाबलं आणि हात वर करून उभी राहिली. थोड्या वेळात कोणाचेही पाय नसलेलं ते पाणीही तांबडं झालं. "हा गंज आहे. या पट्ट्यांचा. पाय असो, केळ असो, कोणी नसो."

"आणि माझं फिकं होत होतं ते?" एडवर्डने विचारलं.

"पहिल्या दिवशी सगळ्यांना सहा चमचे मीठ, आज मला घातलं तसं. तुला गेल्या रविवारी तीन, आज दोन. मीठ कमी, करंट कमी, गंज कमी. मी मोजलंय, एडवर्ड."

तो ताडकन उठला आणि तसाच खाली बसला. कपाळावर घाम, हात छातीवर, दुखणं जबड्यापर्यंत गेलेलं. "बघा, घाण सुटतेय," बाबा माइकवर म्हणाले. या वेळी कोणी ऐकलं नाही. हरिभाऊंनी ओल्या पायांनीच धावत जाऊन गाडी काढली.

हॉस्पिटलात कळलं, स्टेंटमध्ये गुठळी धरायला लागली होती. वेळेत आणलं म्हणून निभावलं. इकडे हॉलमध्ये लोक खोके उघडेपर्यंत बाबा मागच्या दाराने पसार झाले होते, माइकसकट.

मंडळी, हृदयाच्या नळ्या तळपायात उघडत नाहीत. त्यातली चरबी पाण्यात विरघळून बाहेर येत नाही. छाती आवळली, घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, तर ती घाण नव्हे, धोका असतो. त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं. चालू गोळी बंद करायची तर ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारून. आणि कोणी शाल पांघरून चमत्कार दाखवला, तर आधी शाल उचलायची.

तिसऱ्या दिवशी एडवर्डने गोळी हातात घेतली आणि त्या गोळीकडेच बघत राहिला. "उपवास मोडला गं माझा."

प्रिस्काने पाण्याचा ग्लास त्याच्या हातात दिला. "देवाने तुझ्याकडे मटण मागितलं होतं, एडवर्ड. तुला मागितलं नव्हतं."