मूत्रपिंडावरची गाठ

मुतखड्याच्या कळा थांबेनात म्हणून पलूसच्या गुणमालाला सांगलीत आणून सीटी स्कॅन केला. खडा बारीक निघाला, आपोआप पडण्याजोगा. पण डॉक्टरांनी फोटोतल्या दुसऱ्याच जागी बोट ठेवलं.

"डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत गाठ आहे. अचानक धडधड, घाम, डोकं ठणकणं असं होतं का?"

ती तोंड उघडणार तोच नवरा, बाळगोंडा, हसला. "आवं डॉक्टर, ती हिची नाटकं हायत. धा वर्षं बघतोय."

डॉक्टर हसले नाहीत. चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवून थंड जागी ठेवायला त्यांनी सांगितलं.

घरी तिनं कॅन पिशवीत गुंडाळून फ्रिजच्या तळाला ठेवला. बाळगोंडानं दार उघडलं आणि नाक दाबलं. "शी! दह्याच्या शेजारी मूत? गोठ्यात ने त्ये!"

अंथरुणाला खिळलेल्या मामंजींचं हगणंमुतणं तिनं अकरा महिने काढलं होतं. हा बाप्या तेव्हा खोलीच्या उंबऱ्यावरूनच माघारी फिरायचा. तिनं बादलीत बर्फ घातला, कॅन गोठ्यात नेला आणि शेणामुताच्या वासात बर्फ बदलत दिवसभर बसली. किळस तिला त्या वासाची येत नव्हती.

रिपोर्टात हार्मोन कितीतरी पट वाढलेलं निघालं. धा वर्षांचे ते धडधडीचे, घामाचे झटके त्या गाठीमुळंच येत होते. तीन आठवडे गोळ्या देऊन, रक्तदाब ताब्यात आणून, डॉक्टरांनी गाठ काढली.

तिसऱ्या दिवशी पाहुणे भेटायला आले. पेजेची वाटी हातात घेऊन बाळगोंडा सांगत होता, "मी म्हणतच हुतो, हिला आतनं कायतरी हाय. पर ही दवाखान्याला यायला तयारच न्हाई!"

त्यानं पुढं केलेला चमचा गुणमालानं हातानं बाजूला सारला.

"कवा म्हणला हुता? चार माणसांत माझी नक्कल करून दावायचा तुमी. मी घामानं भिजून पडल्याली असायची."

पाहुणे खाली बघू लागले. तिनं लेकीकडं मान वळवली. "स्वप्नाली, मला तुझ्या घरी ने. ह्यांच्या हातचं मला गिळवत न्हाई."

रहिमतपूरला लेकीकडं ती दोन महिने राहिली. झटका पुन्हा आला नाही, रक्तदाबाच्या गोळ्याही सुटल्या. बाळगोंडा रोज फोन करायचा. नवव्या दिवशी तिनं उचलला, म्हशीची धार कोण काढतं तेवढं विचारलं आणि ठेवून दिला. मग नळावर जाऊन खळखळून चूळ भरली.