न मारणाऱ्या घावाचा आवाज

डबिंगच्या धंद्यात त्याला सगळे राक्षस म्हणत. वीस वर्षं त्याने परक्या तोंडांत नुसत्या डरकाळ्या घातल्या होत्या. पडद्यावर कुणी कुणाचा गळा आवळला, की बोलवा राक्षसाला. आणि आता, केस पिकल्यावर, पहिल्यांदाच त्याच्या वाट्याला नायक आला होता. जपानी कार्टून मालिकेतला तलवारबाज. पुन्हा कुणाचा जीव घ्यायचा नाही अशी शपथ घेतलेला, आणि वेळ आलीच तर तलवार म्यानातून न काढता म्यानासकट हाणणारा.

संवाद झकास जमले. घोडं अडलं ते एका हुंकाराशी. नायक सगळा जोर लावून घाव घालतो, शत्रू कोसळतो, पण जगतो. तिथे शब्द नाहीत, फक्त तो एक आवाज. राक्षसाने अकरा वेळा दिला आणि अकराही वेळा काचेपलीकडून दिग्दर्शिकाबाईंनी मान हलवली. या आवाजाने माणूस मेला, म्हणाल्या. बाहेरच्या बाकावर गोड गळ्याचा दुसरा नट बसवून ठेवलाय, हेही त्यांनी लपवलं नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही, तर नायक त्याचा.

बाराव्या वेळी राक्षसाने आवाज मवाळ केला, तर तलवारीऐवजी झाडू मारल्यासारखं वाटलं.

"जोर हवा," बाई म्हणाल्या, "पण इजा नको. असा जोर कधी लावलाच नाहीत का हो तुम्ही?"

लावला होता की! आज सकाळीच लावला होता. त्याचे सासरे म्हणजे उभा जन्म गोदामात पोती वाहिलेला नव्वद किलोंचा ऐवज. अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून तोच त्यांना रोज पलंगावरून खुर्चीत ठेवायचा. सासरे धडधाकट डावा हात त्याच्या मानेभोवती टाकत आणि बजावत, जावईबापू, जपून, काचेचं सामान आहे. मग अंगातली होती नव्हती ती ताकद लागे, आणि त्यांच्या दुखऱ्या खांद्याला मात्र तिचा हिसका बसून चालत नसे.

राक्षसाने डोळे मिटले, गुडघे वाकवले आणि माइकसमोर सासऱ्यांना उचललं.

या वेळी काचेपलीकडे मान हलली नाही. बाईंनी तो आवाज पुन्हा ऐकला, मग आणखी एकदा, आणि बाहेरच्या नटाला घरी जायला सांगितलं. राक्षस त्या दिवशी चार मजले शीळ घालत उतरला.

तो भाग टीव्हीवर लागला तेव्हा बायकोने वडिलांची खुर्ची मुद्दाम पुढे घेतली होती. कार्टून काय बघायचं, म्हणून सासरे आधी कुरकुरले आणि मग चक्क पेंगायला लागले. इतक्यात पडद्यावर घाव बसला, हुंकार खोलीत घुमला, आणि सासऱ्यांचा डावा हात आपसूक वर उठला, मान शोधत. हात तसाच अधांतरी ठेवून त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"तो पडलेला जगला का?" त्यांनी विचारलं.

"जगला."

"जगणारच," सासरे म्हणाले. "मी रोज जगतोय."