प्रभुभोजनाचा पेला आणि कोराडीची राख

मी पेला बोलतोय. पाणी प्यायचा नव्हे, चर्चमधला, प्रभुभोजनाचा. महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्यात द्राक्षरस ओततात आणि सगळी मंडळी माझ्याच कडेला ओठ लावून एकेक घोट घेते. बाकीचे दिवस मी कपाटात बसतो. एवढी सुट्टी पाळकालाही नाही.

मी शाळा शिकलेलो नाही. माझ्या बुडाशी काहीतरी कोरलं आहे, ते मला वाचता येत नाही. पण जे पाहिलं ते सांगतो. वाढवून सांगायची मला सवय नाही.

१९६२ साली भंडाऱ्याच्या एका कासारानं मला घडवलं. त्याच दिवशी त्याच्या हातून चार लोटे आणि एक पिकदाणीही तयार झाली. आम्ही एकाच पितळेचे. पिकदाणी कुठं गेली कोणास ठाऊक. मी नागपूरला आलो, सदर भागाच्या मागच्या गल्लीतल्या एका लहान चर्चमध्ये. लोक माझ्यापुढे गुडघे टेकू लागले. तेव्हापासून मी ताठ उभा राहतो, पण पिकदाणीला विसरलो नाही.

पितळेला आंबट चालत नाही. रसानं भांडं आतून हिरवं पडतं, पिणाऱ्याचं पोट बिघडतं. म्हणून माझ्या आतल्या अंगाला कल्हई लावतात. बाहेरून चिंच आणि राख. हे सगळं अंजनाबाई बघायची. नवरा गेलेला, एक मुलगा, चर्चची झाडलोट तिच्याकडे. द्राक्षरसही तीच करायची. द्राक्षरस म्हणजे काय, काळे मनुके उकळून गाळलेलं पाणी. कल्हईवाल्याची हाक गल्लीत आली की ती मला पदराखाली घेऊन धावायची आणि नवसागराचा धूर विरेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभी राहायची. "आतून नीट लाव गा. बाहेरून तं मी बी चमकवतो."

तिलाही वाचता येत नव्हतं. पण गाणी सगळी पाठ, बायबलातल्या गोष्टी पाठ, कोणत्या ओळीला पाळक अडखळतो तेही पाठ.

ओठांवरून माणूस कळतो. कोणी नुसता ओठ टेकवतो, कोणी संधी साधून तीन घोट घेतो. एक बाई मला फिरवून फिरवून कोरी जागा शोधायची. मंडळीचा कारभार बघणारे मुख्य पंच रुपराव यांच्या मिशा दर महिन्याला माझ्यात भिजत. त्यांच्यानंतर गुडघे टेकायला कोणी राजी नसे. अंजनाबाई मुकाट त्यांच्यानंतर बसायची. म्हणायची, "कोनीतरी बसाच लागते."

तेव्हा ईश्वरदास पाळक होते. त्यांचा सगळा जीव जुन्या मंडळीवर. ज्यांचे आजोबाही ख्रिस्ती, त्यांच्या घरी ते जेवायचे, त्यांच्याच दुखण्याखुपण्याला जायचे. प्रवचन दीड तासाचं, तेही आधी ऐकलेलंच. चुकून एखादा नवा माणूस दारात आला, तर सगळी मंडळी मान वळवून अशी पाही, जणू तो चपला उचलायला आला आहे. तो उचलायचाच, स्वतःच्या. परत यायचा नाही.

मला तेव्हा ते बरोबर वाटायचं. माझा धंदाच जुन्यांशी. नव्या माणसानं सहा आठवडे शिकवणीच्या वर्गात बसायचं, मग बाप्तिस्मा, मग पेला. तोवर मला हात लावायचा नाही. मी स्वतःला मोठा समजत होतो.

शहात्तर साली ईश्वरदास पाळक गेले आणि रवींद्र साहेब आले. तरुण, घामेजलेले, सायकलवरून सदा कुठंतरी निघालेले. त्यांनी पहिल्याच रविवारी सांगितलं, "चर्च जुन्यांची बैठक नाही. दार उघडा."

दार उघडलं. नव्या माणसाला झेंडूची माळ. नव्याला पुढचा बाक. नव्याला बशीसकट चहा आणि दोन बिस्किटं. त्यानं उभं राहून नाव सांगायचं, मग टाळ्या. जुन्यांनी मागे बसायचं, चहा उरला तर प्यायचा. साहेब आठवडाभर शहराबाहेरच्या वाडीच्या गोदामांत, मजुरांच्या खोल्यांत फिरत. जुनं माणूस आजारी पडलं तर ते बरं होऊन स्वतः येऊन सांगे.

आणि एक गंमत मी कपाटातून पाहिली. नवा माणूस वर्ग पूर्ण करायचा, बाप्तिस्मा घ्यायचा, माझ्यातून घोट घ्यायचा आणि पुढच्या रविवारपासून जुना व्हायचा. माळ नाही, बिस्किट नाही, घरी कोणी फिरकत नाही. वर्षाच्या आत तोही दिसेनासा होई. साहेब नवी माळ घेऊन पुढच्या माणसाकडे.

एकोणऐंशी साली अंजनाबाईच्या मुलाला कोराडीच्या वीज केंद्रात काम लागलं. ती त्याच्याबरोबर तिकडे गेली. जाताना मला शेवटचं घासलं आणि कपाटाची किल्ली रुपरावांना दिली. रुपरावांनी ती खिशात ठेवली. मला घासायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षं कल्हईवाल्याची हाक गल्लीतून आली आणि गेली.

तिकडे तिला विषमज्वर झाला. केस गेले, अंग वाळलं. ती नसल्याचं चर्चमध्ये कोणाच्या लक्षातही आलं नाही. ती नव्यांत नव्हती ना.

एक्क्याऐंशीच्या जुलैत, पहिल्या रविवारी, ती कोराडीच्या बसनं आली. डोक्यावर पदर, हातात राखेची पुडी. तिथं राख फुकट, वाऱ्यासंगं घरात येते. दारातल्या स्वयंसेवकानं हसून विचारलं, "आजी, पहिल्यांदाच आल्या काय?"

ज्या उंबऱ्यावर तिनं पंधरा वर्षं झाडू मारला, तिथंच हा प्रश्न. तिला राग आला. म्हणाली, "हो गा. आजच जन्मली मी."

त्यानं ते खरं धरलं. झेंडूची माळ तिच्या गळ्यात पडली. तिला पुढच्या बाकावर बसवलं. साहेबांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या, लोकांनी वाजवल्या. साहेबांनी जुन्यांचे चेहरे कधी नीट पाहिलेच नव्हते. तिच्या बरोबरीच्या बाया कधीच यायच्या बंद झाल्या होत्या. ओळखलं ते एकट्या रुपरावांनी. ते मागच्या बाकावर होते. ते गप्प बसले. साहेबांची चांगली फजिती व्हावी म्हणून. तिचं काय होईल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

प्रभुभोजनाची वेळ झाली. ती माळेसकट उठली, वेदीपुढच्या कठड्याशी आली आणि कशीबशी गुडघ्यांवर बसली. साहेब मला घेऊन ओळीनं येत होते. तिच्यापाशी थांबले आणि मऊ आवाजात म्हणाले, "आई, हे तुमच्यासाठी नाही. आधी वर्ग करावा लागतो. पुढच्या वेळी."

मी तिच्या तोंडापासून वीतभर होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आत पाहिलं.

"साहेब," ती म्हणाली. चर्च लहान, सगळ्यांना ऐकू गेलं. "कल्हई गेली हाये याची. हिरवा पडला आतून. लोकायले काय पाजून राहिले तुमी?"

कठड्यावरच्या तिघांनी घोट घेतला होता. तिघांनीही तोंड पुसलं. ती उठली, माळ काढून कठड्यावर ठेवली आणि निघून गेली. राखेची पुडी बाकावर राहिली.

उपासना संपल्यावर रुपराव मिशा कुरवाळत पुढे आले. "साहेब, ती अंजनाबाई होती. हा पेला पंधरा वर्षं तिनंच घासला. तुमी तिलेच उठवलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले तं दारातच ओळखू आली."

साहेबांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन कोराडीला गेले, मला पिशवीत घालून. खाली मान घालून त्यांनी माफी मागितली. म्हणाले, इथंच देतो.

अंजनाबाईनं हात मागे घेतला. "नाही. मी नवीन हाये ना? मंग नवीन लोकायचा वर्ग कवा भरते, ते सांगा."

"अंजनाबाई, कशाला लाजवता?"

"लाजवून नाही राहिली. तुमी नवीन लोकायले काय सांगता, ते तं मले पाहू द्या. आमाले तं कोनी काही सांगत नाही."

साहेबांनी मला पुन्हा पिशवीत घातलं. परतीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक, आणि साहेब कडेकडेनं सायकल हाकत होते.

वर्ग शनिवारी दुपारी भरायचा, माझ्या कपाटाच्याच खोलीत. कपाटाच्या दाराला जाळी आहे, मला सगळं दिसतं. चार नवे लोक होते. त्यांत लहानू, वाडीच्या गोदामातला हमाल, पस्तिशीचा, खांद्यावर पोत्याचा वण. आणि पाचवी अंजनाबाई, कोराडीहून बसनं.

साहेब पुस्तकातून शिकवत. लहानूला कळत नसे, पण तो मान डोलवी. अंजनाबाईनं पहिल्याच दिवशी त्याला पकडलं.

"समजलं काय गा?"

"नाही आजी."

"मंग बैलासारखी मान काहून हालवून राहिला? इचार ना."

लहानू विचारू लागला. पण साहेबांना नाही, तिला. तिसऱ्या शनिवारी त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आजी, त्याच्यातलं पेलं तं काय होते?"

साहेबांनी पुस्तकाचं पान उलटलं. अंजनाबाई म्हणाली, "काही नाही होत. घोटभर तं असते. तहान बी जात नाही."

"मंग काहून पेतात?"

"एकटं पेत नाहीत ना. रुपरावजी पेते, अन् मंग मी पेतो. त्याच्या मिशा बुडालेल्या पेल्यातून. माणूस आवडत नसला तरी त्याच्या मांगं बसून प्या लागते. हे जमलं तं समज, तू शिकला."

साहेबांनी पुस्तक मिटलं. त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

निघताना ती त्यांना म्हणाली, "साहेब, हा लहानू पुढच्या महिन्यात जुना होईन. मंग याच्याकडं कोन पाहीन?"

साहेब बाक सरकवू लागले. मी तर जुन्यांचा पेला. पण माझे जुने रुपराव तिला ओळखून गप्प बसले होते, आणि हा नवा माणूस तिच्यासाठी बसथांब्यापर्यंत छत्री धरून जात होता.

पाचव्या शनिवारी कल्हईवाल्याची हाक आली. अंजनाबाई उठू लागली, उठवेना. "जाय गा लहानू. त्याच्या डोक्यावर उभा राय. आतून नीट लावाले सांग." लहानूनं मला काखेत धरून नेलं. बाप्तिस्म्याआधी मला हात लावायचा नाही, हे त्या वेळी कोणाला आठवलं नाही. मीही आठवण दिली नाही.

सहाव्या शनिवारी ती आली नाही. मुलाचा निरोप आला, फार आजारी आहे.

रविवारची उपासना आटोपून साहेब कोराडीच्या बसमध्ये बसले. बरोबर लहानू, आणि पंच लागतो म्हणून रुपराव. ती खाटेवर होती. खिडकीतून वीज केंद्राचं धुराडं दिसत होतं. साहेबांनी माझ्यात रस ओतला.

"माहा वर्ग पुरा नाही झाला," ती म्हणाली.

"वर्ग तुम्ही घेतला," साहेब म्हणाले. "बसलो तर मी होतो."

तिनं मला हातात घेतलं. आधी आत पाहिलं. कल्हई चंद्रासारखी होती. "कोनं करून आनली?"

"म्या," लहानू म्हणाला.

तिनं घोट घेतला. ओठ ओळखीचे होते, फक्त गरम. मग मला साहेबांकडे न देता तिनं लहानूपुढे धरलं.

"याचा बाप्तिस्मा व्हाचा हाये!" रुपराव ओरडले.

"तुमी चूप राहा, रुपरावजी. त्या दिवशी बी चूप होते."

रुपरावांनी मान खाली घातली. लहानूनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा हात अर्धा वर आला. मग खाली गेला आणि साहेब खिडकीतून धुराडं पाहू लागले. फार वेळ पाहत होते. धुराड्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

लहानूनं घोट घेतला. मग रुपराव खाटेशी गुडघे टेकून बसले आणि त्याच्यानंतर प्याले. मिशा हातानं वर धरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अंजनाबाई चौथ्या दिवशी गेली.

लहानूचा बाप्तिस्मा महिन्याभरात झाला, तो जुना झाला. पण नंतर एक रविवार चुकवून पुढच्या रविवारी तो उशिरा आला तेव्हा साहेब प्रवचन थांबवून म्हणाले, "लहानू, मागच्या रविवारी कुठं होता?" सगळे वळून पाहू लागले. लहानूला चपला उचलाव्याशा वाटल्या नाहीत. तो हसला. रुपरावांनी सरकून जागा दिली.

आता मी रिकामा आहे. शहाऐंशी साली काचेचे इवलेसे पेले आले, ताटात मांडलेले, ज्याचा त्याला. रोगराई पसरत नाही म्हणे. कोणाच्या मिशा कोणाला लागत नाहीत. शिकलेल्या लोकांनी ठरवलं, मी काय बोलणार?

कपाटाची किल्ली लहानूकडे आहे. दर शनिवारी तो मला काढतो, चिंच आणि कोराडीची राख लावून घासतो. राख खरखरीत आहे, मी कुरकुर करत नाही. मग नळाचं पाणी भरतो आणि उभ्या उभ्या पितो. गोदामातून आलेला असतो, तहान लागलेली असते. दारात कोणी उभं असलं तर मला विसळून, भरून पुढे करतो. तो माणूस नवा आहे की जुना, हे विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच. मला पुन्हा कठड्यावर न्या, असा माझा हट्ट नाही. माळा कोणाला घालायच्या ते तुमचं तुम्ही ठरवा.

कल्हई तेवढी बघत जा.