गुरुवारचं नाणं

फ्रेमानं आईच्या कमरेच्या कापडाच्या टोकात नाणं ठेवलं, गाठ मारली आणि दातांनी ओढून पक्की केली.

"चाकांची खुर्ची ढकलत पुढे नेते तुला. कोणी हसणार नाही."

"हसायला दात लागतात," तिची आई याआ पोकुआ म्हणाली. "इथे निम्म्यांचे पडलेत."

रुग्णालयाच्या प्रार्थनाघरात दोघी अगदी मागच्या बाकावर होत्या. दानाचं भांडं पार पुढे, वेदीपाशी. पाद्रीबाबा एकेक वार पुकारत, आणि त्या वारी जन्मलेल्यांनी नाचत पुढे जायचं. ज्या वाराचं कोणीच उठलं नाही, त्याची वॉर्डात आठवडाभर थट्टा.

रविवार.

दोन बायका नाचत गेल्या, सलाईनचा खांब सोबत घेऊन.

सोमवार.

"गाळ्याची किल्ली उद्या मावशीला देते," फ्रेमा हळूच म्हणाली. किल्ली तिच्या मुठीतच होती. "लॉरीतून उतरून मासळीबाजारात आपल्या गाळ्यापर्यंत किती चालायचं, माहीत आहे ना? अशी दोन प्रार्थनाघरं एकापुढे एक ठेव, तेवढं."

मंगळवार. बुधवार.

आईनं काठीची मूठ पदरानं पुसली.

गुरुवार.

ढोल वाजत राहिला. कोणी उठेना.

"जन्मतःच दमलेली माणसं," पलीकडच्या बाकावरून नाना क्वामे म्हणाले. ते शनिवारचे. "शनिवार येऊ द्या, मग बघा."

याआ उठली. डाव्या गुडघ्याखाली नवा, कृत्रिम पाय होता. व्यायामाच्या खोलीत कठड्याला धरूनही ती चार पावलांत चिडून खाली बसायची. इथे कठडा नव्हता. दोन्ही बाजूंना नुसती माणसं. पायांना नाचणं जमेना, तेव्हा तिनं ते खांद्यांवर घेतलं. ढोलवाल्यानं लय तिच्यापुरती संथ केली.

भांड्यापाशी ती पोचली. तिचा हात कमरेकडे गेला आणि गाठीवर थांबला.

"पाद्रीबाबा, नाणं बाकावरच राहिलं. शुक्रवार पुकारू नका. आणते."

"कोणी आणून देईल, आई."

"जन्म माझा गुरुवारचा. आणणारीचा नाही."

ती वळली. येताना मध्येच थांबली, धापा टाकल्या, पुन्हा निघाली.

"हे काही खरं नाही," नाना क्वामे कुरकुरले. "एकाच बाईच्या दोन फेऱ्या."

"तुमच्या वेळी तुम्हीही विसरा, नाना," पाद्रीबाबा म्हणाले. "मी अडवणार नाही."

घामानं याआचा गळा चमकत होता. बाकापाशी आली, पण बसली नाही. फ्रेमापुढे तिनं तळवा पसरला.

"दे."

फ्रेमानं कमरेच्या गाठीकडे पाहिलं. जशी मारली होती तशीच होती, दातांची ओल तेवढी वाळली होती. जाताना एक प्रार्थनाघर, येताना दुसरं. तिनं मूठ उघडली आणि किल्ली आईच्या तळव्यावर ठेवली.

याआनं बोटं मिटली, काठी वळवली.

गुरुवार, अजून.

"भांड्यात टाकू नकोस म्हणजे झालं," फ्रेमा मागून म्हणाली.