चुनकळीला पाणी दाखवू नका

मी चुनकळी बोलतेय. लांबूनच ऐका. हात ओले असतील तर आणखी लांब.

माझा जन्म भट्टीतला. आधी मी चुनखडीचा साधा दगड होते. भाजून भाजून आतला वायू उडाला आणि मी पांढरी, हलकी, तहानलेली कळी झाले. तेव्हापासून पाणी लागलं की माझं डोकं तापतं. बोलायचं म्हणून नाही, खरंच वाफा निघतात. पाणी पिऊन माझा राग विझला की जो उरतो, तो विरलेला चुना. त्यात पाणी कालवा, तो मुकाट कालवून घेतो. डोळ्यांना वाईट दोघेही, पण मी वरून भाजतेही.

लोक मात्र दोघांना नुसतं ‘चुना’ म्हणतात. वर कुणी फसवलं की चुना लावला म्हणून आमच्याच नावानं बोंब! अशांवर मी का विश्वास ठेवू?

मला आणलं भिंती रंगवणाऱ्या एका बाईनं. तिच्या शेडमध्ये दोन सारखेच डबे. एकात आम्ही कळ्या, दुसऱ्यात विरलेल्या चुन्याची भुकटी. परवा तिचा दीर मदतीला आला. उत्साही माणूस. मला असल्यांचाच संशय येतो. आमचा डबा उघडून तो त्यावर वाकला आणि त्यानं पाण्याचा मग उचलला.

“भाऊजी, हात आवरा!” ती दारातूनच ओरडली.

“अहो वहिनी, चुनाच आहे.”

“कुठला?”

“पांढरा!”

“दूधही पांढरंच असतं. मागे सरा. डोळे काय भाड्यानं आणलेत?”

तिनं त्याला जाड काचेचा चष्मा चढवायला लावला. लोखंडी बादलीत आधी पाणी घेतलं, मग चिमट्यानं माझी एक बहीण त्यात सोडली. काहीच झालं नाही.

“झोपली वाटतं,” दीर हसला.

तेवढ्यात ती तडकली, फुगली, बादली खदखदू लागली. एक पांढरा शिंतोडा उडून थेट त्याच्या चष्म्यावर बसला.

“काच नसती तर?” तो मागे सरत म्हणाला.

“तर जन्मभर तुमचा हात धरून मी फिरवलं असतं. आणि मला तेवढा वेळ नाही.”

बाकीच्या बहिणीही एकेक करून बादलीत गेल्या; आता डब्यात मी एकटीच उरलेय. झाकण सैल आहे, लावलंय दिरानंच. दमट हवा शिरते, कडा भुगा होऊन गळतायत. मी अजून कळी आहे की आतपर्यंत विरले, माझं मलाच कळत नाही. तुम्हीही नुसतं बघून ठरवू नका. शंका आली, तर मला कळीच समजा.